महाशीरची अंडी आणि बोअरचं पाणी
पैठणजवळच्या आमच्या शेडमध्ये रोहू-कटल्याचं मत्स्यबीज दरवर्षी निघतं. महाशीर मासा, म्हणजे खडस, पहिल्यांदाच केला. फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून आणली. रंग पिवळसर सोनेरी, हाताला जड. रोहूची अंडी फिरत्या पाण्यात तरंगत राहतात, ही सरळ ट्रेच्या तळाशी बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काही अंडी पांढरी, वर कापसासारखी बुरशी. मी अंड्यांनाच दोष दिला. शेजारचे काका म्हणाले, "आधी तुझं पाणी बघ." ऑक्सिजन मीटर लावला. बोअरच्या तोंडाशी ऑक्सिजन लिटरला जेमतेम ३ मिलिग्रॅम! खोल जमिनीतल्या पाण्याला हवा लागतेच कुठे?

मग पत्र्याच्या तीन पायऱ्या केल्या, खिळ्यानं भोकं पाडली. पाणी त्यावरून आपटत टाकीत, रात्रभर तिथंच, मग ट्रेमध्ये. टाकीवर ओलं गोणपाट. अंडी एकाच थरात पसरली. मेलेलं अंडं शेजारच्या जिवंत अंड्यालाही बुरशी लावतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ बॅटरीच्या उजेडात ड्रॉपरनं एकेक वेचलं. मान मोडते, पण औषधापेक्षा मला हेच बरं वाटलं.

तिसऱ्या रात्री पिल्लं सुटू लागली. उजेड पडला की सगळी कोपऱ्यात, डोकी खुपसून एकमेकांवर ढीग! घाबरून ढवळू नका, त्यांची रीतच ती. पोटाला असलेली बलकाची पिशवी जिरेपर्यंत खायला काही घातलं नाही.