नाटकाचा कपडेपट उभारताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळांनी यात्रेच्या नाटकाचे कपडे भाड्याने न आणता स्वतः शिवायचं ठरवलं, की पहिली धाव मशीनच्या खरेदीकडे असते. मशीन लागतंच, पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा: नाटकाचा पोशाख एका माणसाचा नसतो. यंदा सरदाराच्या अंगरख्यात 36 छातीचा पोरगा असेल, पुढच्या वर्षी 42 छातीचा गडी. कपडा उसवून पुन्हा बसवता आला पाहिजे. कापड, शिलाई, नोंदवही, सगळं या हिशेबाने ठरवा.

माया कंजुषीने सोडणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. माया म्हणजे शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड. बाजारातल्या शर्टासारखी अर्धा इंच माया सोडली, तर तो अंगरखा एकाच नटापुरता उरतो. दोन्ही कुशींना आणि पाठीच्या मधल्या शिलाईला, प्रत्येक कडेला दीड इंच माया ठेवा. या तीन शिलायांच्या सहा कडा होतात. प्रत्येक कडेतून एक इंच सोडला की घेर सहा इंचांनी वाढतो, तरी शिलाईला अर्धा इंच उरतो. अस्तरालाही तेवढीच माया हवी. बाहेरचं कापड सुटतं आणि अस्तर अडतं, असं फार वेळा होतं. ओव्हरलॉक मशीनची सुरी माया कापून टाकते, म्हणून कडा फक्त बांधून घ्या. बाही आणि सुरवारीच्या खालच्या दुमडीत दोन इंच ठेवा. हात वर करताच काख फाटत असेल तर कापड कच्चं नाही, कापणी चुकली आहे. काखेत चार इंची चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला घाला.

सुती कापडावर उसवल्यानंतरची जुनी रेघ ओलं फडकं ठेवून इस्त्री केली की बरीच जाते. मखमलीवर ती जात नाही. तिथे शिलाईवर आधीपासूनच जरीचा गोट येईल असं बेता. मखमलीचे सगळे भाग एकाच दिशेने कापा, नाहीतर दिव्याखाली एक बाही काळी आणि दुसरी फिकी दिसते.

न भिजवता कापणे

मांजरपाट, पॉपलिन, खादी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच टेबलावर घ्या. कोरं सुती कापड मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटतं. रंगवायचं असेल तर कडेचा एक धागा जाळून पाहा. कागदासारखी राख पडली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, त्यावर सुती कापडाचा रंग चढत नाही. रंगाची निवडही दुकानाच्या ट्यूबलाइटखाली करू नका. हिरव्या झोतात लाल शेला काळा दिसतो आणि पांढरंशुभ्र धोतर डोळ्यांत खुपतं. ते धोतर चहाच्या पातळ पाण्यातून काढा.

श्वास सोडून माप घेणे

अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर याच जिल्ह्यातलं; संगीत नाटक बसवणारी मंडळं इथे असतातच. गाणाऱ्या नटाची छाती पूर्ण श्वास भरल्यावर मोजा आणि वर चार इंच सैल ठेवा. तान घेताना काज तुटतात, ते इथे चुकल्यामुळे. शिंपी मास्तर कन्नड बोलणारे आणि मापं घेणारे मराठी, असं इथे नेहमीचंच. कागदावर अंगाचं चित्र काढा, त्या-त्या जागी आकडा लिहा. इंच की सेंटीमीटर, हे एकदाच ठरवा.

आजीचं लुगडं कापणे

गावातल्या बायका जपलेलं इरकल मोठ्या मनाने देतात. त्याला कात्री लावू नका. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. झटपट बदलासाठी ते नेसवून, चुण्या टाचून, धावदोऱ्याने धरता येतं आणि प्रयोगानंतर उसवून जसंच्या तसं परत करता येतं. नाचाच्या प्रवेशाला शिवलेली नऊवारी वेगळी करा. दिलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वहीत हवी: कोणी दिली, आधीचे डाग-फाटे, परत कधी. एक लुगडं हरवलं की पुढच्या वर्षी कोणी देत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

मशीनला दोष देणे

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की सगळे बॉबिन काढतात. बहुतेकदा दोष वरच्या दोऱ्यात असतो: दाबपट्टी, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना ओवल्यामुळे तो टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो. दाबपट्टी वर करून पुन्हा ओवा. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला, ती उलटी बसलेली नाही ना ते पाहा. रेशमाला 11, सुतीला 14, बकरम (आत घालायचं ताठ कापड) आणि जाड पट्ट्याला 16 किंवा 18 नंबर. पावसाळ्यात पायमशीनचा चामडी पट्टा सैल पडतो. थोडा कापून हूक पुन्हा लावा.

हजार वॉटच्या दोन इस्त्र्या म्हणजे साडेआठ अँपिअरच्या वर. एकाच साध्या एक्स्टेंशनवर चालवल्या तर वायर तापते. इस्त्रीला 16 अँपिअरचा वेगळा सॉकेट घ्या.

प्रयोगाच्या रात्रीच पेटी भरणे

घामाने ओले कपडे पेटीत गेले की बुरशी येते आणि नकली जर काळी पडते. किमान एक रात्र वाऱ्यावर टांगा. जरीचे कपडे प्लॅस्टिकमध्ये नको, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. खानापूरच्या बाजूला ओल आणि वाळवी दोन्ही, म्हणून पत्र्याची पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. जून ते सप्टेंबर, उघडीप मिळेल त्या दिवशी कपडे बाहेर काढा आणि परत ठेवताना घडी जुन्या रेघेवर घालू नका.