रॉनी बार्कर यांचा विनोद आधी ऐकावा, मग पाहावा

ब्रिटिश विनोदी अभिनेते रॉनी बार्कर (१९२९–२००५) यांचे काम प्रथमच पाहणाऱ्याने एकदम संपूर्ण मालिकेला हात घालू नये. सुरुवात एखाद्या छोट्या प्रहसनापासून करावी, आणि माझ्या मते ते ‘द टू रॉनीज’ या बीबीसीच्या कार्यक्रमात ४ सप्टेंबर १९७६ रोजी दाखवलेले, ‘फोर कॅन्डल्स’ या नावाने ओळखले जाणारे प्रहसनच असावे.

ते पाहण्यापूर्वी एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. इंग्लंडमधील अनेक श्रमजीवी बोलींत शब्दाच्या आरंभीचा ‘ह’ गिळला जातो. बार्कर यांनी रंगवलेले गिऱ्हाईक हार्डवेअरच्या दुकानात येऊन जे मागते ते दुकानदाराला, म्हणजे या कार्यक्रमातील दुसरे रॉनी, रॉनी कॉर्बेट यांना, ‘फोर कॅन्डल्स’ असे ऐकू येते, म्हणून ते चार मेणबत्त्या काढून ठेवतात. गिऱ्हाइकाला मात्र ‘फोर्क हॅन्डल्स’, अर्थात बागकामाच्या काट्याचे दांडे, हवे असतात. पुढे ते ‘ओज’ मागते, तेव्हा दुकानदार माती उकरण्याचे अवजार (‘हो’) आणतो, मग पाण्याची नळी (‘होज’) आणतो, आणि अखेरीस कळते की त्याला घराच्या फाटकावर लावायची ‘ओ’ ही अक्षरे हवी होती. उपशीर्षके लावून हे पाहिल्यास सगळी गंमत निघून जाते, कारण ज्या क्षणी आपलीही दुकानदारासारखीच फसगत व्हायला हवी, त्याच क्षणी अक्षरे खरे उत्तर सांगून मोकळी होतात. म्हणून पहिल्या वेळी उपशीर्षके बंद ठेवावीत आणि नुसते ऐकावे. दुसऱ्या वेळी बार्कर यांच्या चेहऱ्याकडे पाहावे: आपण काही विनोदी बोलतो आहोत याची पुसटशी जाणीवही त्या गिऱ्हाइकाला नसते, आणि मला बार्कर प्रिय आहेत ते याच निरागस गांभीर्यासाठी.

हे लेखन त्यांचे स्वतःचेच होते. आपल्या संहिता ते ‘जेराल्ड वायली’ या टोपणनावाने देत असत, कारण नावाच्या वजनावर नव्हे तर गुणांवर त्या निवडल्या जाव्यात, असे त्यांना वाटे. सुरुवातीला तर हा वायली कोण, हे सहकाऱ्यांनाही माहीत नव्हते. त्यामुळे श्रेयनामावलीत हे नाव दिसले की ते प्रहसन आवर्जून दोनदा पाहावे. शब्दांची अक्षरे उलटसुलट करून कॅमेऱ्यासमोर गंभीरपणे निवेदन करणाऱ्या प्रवक्त्यांची त्यांची भाषणे मात्र इंग्रजीचा कान तयार झाल्यावरच घ्यावीत, नाहीतर निम्मे विनोद हातातून निसटतात.

कान तयार झाला की तुरुंगात घडणाऱ्या ‘पॉरिज’ या विनोदी मालिकेकडे वळावे. इंग्रजी बोलीत या शब्दाचा अर्थ तुरुंगवास भोगणे असाही होतो. डिक क्लेमेंट आणि इयन ला फ्रेने यांनी लिहिलेली ही मालिका १९७४ ते १९७७ या काळात चालली, आणि तिच्या सुरुवातीला शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाचा जो आवाज येतो तोही बार्कर यांचाच आहे. तो ऐकल्यावर लगेच बार्कर यांनीच रंगवलेल्या फ्लेचर या कैद्याचे बोलणे ऐकावे, म्हणजे एकाच गळ्यातून समाजाचे दोन थर किती वेगळे उमटतात ते कळते. शिव्यांऐवजी येथे ‘नॅफ’ आणि ‘नर्क’ यांसारखे शब्द येतात, त्यांच्यासाठी शब्दकोश उघडण्याची गरज नाही, सूर पुरेसा असतो.

भाग क्रमाने पाहावेत, पण पहिल्या पर्वातील ‘अ नाइट इन’ हा भाग निवांत रात्रीसाठी राखून ठेवावा. जवळजवळ संपूर्ण भाग एकाच कोठडीत घडतो. तुरुंगाच्या रात्रींना घाबरलेला तरुण गॉडबर आणि मुरलेला फ्लेचर एवढेच दोघे बोलत राहतात, आणि फ्लेचर त्याला समजावतो की आजची रात्र म्हणजे बाहेर न जाता घरीच काढलेली एक रात्र समजावी. येथे हशा कमी आहे, म्हणून दृश्ये भराभर पुढे सरकवून पाहू नये. बोलण्यामधल्या शांततेतच बार्कर यांचे वडीलधारेपण दिसते. गॉडबर झालेले रिचर्ड बेकिन्सेल १९७९ मध्ये, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. हे कळल्यावर मी तो भाग पुन्हा लावला, तेव्हा फ्लेचरचा तो धीर देणारा आवाज मला पूर्वीपेक्षा अधिक हळुवार वाटला.