आईसोबत फराळाचा धंदा सुरू करताय? आधी तिची मजुरी लिहून ठेवा

आईच्या हातच्या चकल्या, लाडू, मसाले विकूया असं ठरवणारी मुलंमुली हल्ली बरीच आहेत आणि मला ते मनापासून आवडतं, पण होतं काय की इन्स्टावर पेज उघडतात, लोगो करतात, डबे मागवतात आणि पैशांचं मात्र कोणीच बोलत नाही, कारण घरच्यांशी हिशोब करायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. तेच आधी बोला.

सुरुवात भाव काढण्यापासून करा. भाजणीचं धान्य, दळण, तेल, गॅस, पॅकिंग, कुरियर हे सगळे धरतात, आईचे तास कोणी धरत नाही. एका घाण्यापुरतं नका मोजू, धान्य धुवून वाळवण्यापासून ते शेवटचं भांडं घासून होईपर्यंत पूर्ण वेळ मोजा. तुमच्या भागात फराळ करायला येणाऱ्या बायकांना जो दर मिळतो तोच आईला लावा, आणि मग चकली महाग पडतेय असं वाटलं तर विकायचा भाव वाढवा, आईचे तास कमी दाखवू नका. "अरे घरचंच तर आहे, मला कशाला पैसे" असं ती म्हणणारच. तरी दर महिन्याला तिच्या एकटीच्या खात्यात टाकायचे.

हे नुसतं प्रेमापोटी सांगत नाहीये. दोघांनी मिळून भागीदारी केली आणि काही ठरवलं नाही तर 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफातोटा सारखा वाटला जातो आणि काम केल्याबद्दल भागीदाराला वेगळा पगार मिळत नाही. म्हणजे आई दिवसभर सोऱ्या फिरवणार, तुम्ही रात्री तासभर मेसेजना उत्तरं देणार आणि वाटणी अर्धी अर्धी! म्हणून भागीदारीचा करारनामा करा, त्यात पगार, नफ्याचा वाटा, कोणी किती पैसे घातले, कोणाला बाहेर पडायचं असेल तर कसं, सगळं येऊ दे. फर्म रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण न केलेल्या फर्मला एखाद्या दुकानदाराने थकवलेले पैसे कोर्टात जाऊन मागता येत नाहीत.

अजून एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. साध्या भागीदारीत फर्मचं कर्ज भागीदारांच्या स्वतःच्या मालमत्तेवर येऊ शकतं, म्हणजे बाबा भागीदार असतील आणि राहतं घर त्यांच्या नावावर असेल तर ते घरही धोक्यात. मोठं कर्ज काढणार असाल तर सीएला एलएलपीबद्दल, म्हणजे जिच्यात भागीदारांची जबाबदारी मर्यादित असते अशा भागीदारीबद्दल, विचारा, नाहीतर सरळ धंदा तुमच्या नावावर घ्या आणि आईला पगार द्या, लहान धंद्याला मला हेच बरं वाटतं. बाबांच्या पीएफला आणि एफडीला हात लावूच नका, त्यांनी स्वतःहून आग्रह केला तरी. तुम्हाला पुन्हा नोकरी मिळेल, त्यांना नाही मिळणार.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते. एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन मात्र घरगुती असलं तरी घ्याच, त्याचा 14 अंकी नंबर लेबलवर टाकायचा, सोबत घटक, वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं ते आणि शाकाहाराची हिरवी खूण.

कामं वाटून घेताना चवीचा शेवटचा शब्द आईचा, भावाचा आणि उधारीचा तुमचा, कारण नात्यातल्या लोकांना "नाही" म्हणणं तिला जमणार नाही. आणि ती दमलीय हे ती सांगणार नाही हेही धरून चला, म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी किती किलोला थांबवायच्या ते गणपतीतच तिच्याशी बसून ठरवा, परदेशी जाणाऱ्या डब्यांची शेवटची तारीख कुरियरवाल्याला विचारून वेगळी ठेवा, या दोन्ही गोष्टी पेजवर टाका, आणि एकदा आकडा भरला की सख्ख्या मावशीचा फोन आला तरी ऑर्डर घेऊ नका.