विंचचा दोर ताठ होतो, गाडी मात्र जागची हलत नाही

मुळशीकडच्या चिखलात थार रुतली की ९५०० पौंड ओढीची विंच (गाडीला पुढे लावलेली, दोर गुंडाळून ओढणारी मोटर) घुरघुरून थांबायची. बॅटरी बदलली, सोलेनॉइडची (मोटरला वीज देणाऱ्या स्विचची) टोकं घासली; दोन पावसाळे डोकं उठलं.

गोम अशी: झाड वीस फुटांवर, म्हणजे बहुतेक दोर ड्रमवरच, विंचच्या रिळावरच. छापलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वरच्या थरांवर ती घटत जाते.

आता आधी चाकांपुढचा चिखल फावड्यानं काढतो. इंजिन चालू. विंचचा क्लच सोडून दोर हातानं बाहेर ओढतो, ड्रमवर दहा वेढे राखून. झाडाला रुंद पट्टा, त्याला शॅकलने (लोखंडी कडीने) स्नॅच ब्लॉक, म्हणजे कप्पी, त्यातून दोर फिरवून परत गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे ओढण्यासाठीच्या मजबूत हुकाला. क्लच लावून दोर ताठ करतो, वर ओलं पोतं, माणसं लांब. मगच ओढतो. वेग निम्मा, ओढ जवळपास दुप्पट. परवा पाचेक मिनिटांत गाडी वर आली.