वृषणातील जर्म सेल ट्यूमर शिकताना : पॅथॉलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी

पॅथॉलॉजीच्या एम.डी.ला नुकत्याच रुजू झालेल्या विद्यार्थ्यांना वृषणाच्या जर्म सेल (बीजपेशींच्या) ट्यूमरचा धडा अवघड जातो, कारण नावे पुष्कळ असतात आणि प्रत्यक्ष नमुने मात्र क्वचितच हाती येतात. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार कमी आढळतो. पण जेव्हा आढळतो तेव्हा रुग्ण बहुधा विशी-तिशीतला असतो आणि अचूक निदान झाले तर तो पूर्ण बरा होण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणूनच हा विषय परीक्षेपुरता वाचून सोडून देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माझा अनुभव असा, की नावांची यादी पाठ करण्याआधी बीजपेशीचा प्रवास समजून घेतला तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. गर्भावस्थेत आदिम बीजपेशी योक सॅकच्या (गर्भाबाहेरील पीतक पिशवीच्या) भित्तीपासून निघून जननग्रंथीपर्यंत पोहोचतात. त्यांपैकी काही पेशी परिपक्व न होता वृषणातील नलिकांच्या तळपटलालगत तशाच राहतात आणि पौगंडावस्थेनंतर त्यांतूनच ट्यूमर उद्भवतो. डेन्मार्कच्या नील्स स्काकेबेक यांनी १९७२ मध्ये वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांच्या बायॉप्सीत या पूर्वावस्थेकडे लक्ष वेधले. वृषण पोटातून खाली न उतरलेल्या पुरुषांत हा धोका अधिक असतो. ट्यूमर आक्रमक होताना १२व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या प्रती वाढलेल्या दिसतात. पुढे बीजपेशीचे रूप टिकून राहिले तर सेमिनोमा होतो. पेशी भ्रूणासारख्या वागू लागल्या तर एम्ब्रायोनल कार्सिनोमा, आणि त्यातून टेराटोमा, योक सॅक ट्यूमर किंवा कोरिओकार्सिनोमा. लहान मुलांतील टेराटोमा आणि वयस्कांतील स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर या वाटेने येत नाहीत, हे वेगळे लक्षात ठेवावे. हेच ट्यूमर छातीच्या मध्यभागी किंवा पाठीच्या कण्यासमोर का आढळतात, याचा खुलासाही बहुतेक अभ्यासक बीजपेशींच्या मध्यरेषेवरच्या याच स्थलांतरात शोधतात. क्रिकेटपटू युवराज सिंग यांचा सेमिनोमा असाच छातीत होता.

मार्करचा, म्हणजे ट्यूमरमुळे रक्तात वाढणाऱ्या पदार्थांचा, अर्थही यातूनच लागतो. एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) मुख्यतः योक सॅकच्या घटकातून येते, म्हणून स्लाइडवर शुद्ध सेमिनोमा दिसत असला आणि एएफपी स्पष्टपणे वाढलेले असले, व त्यामागे यकृताचे कारण नसले, तर नमुन्यातून आणखी ब्लॉक (स्लाइडसाठी मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे) घ्यावेत आणि रुग्णाला नॉन-सेमिनोमाच (सेमिनोमाखेरीज इतर प्रकारांचा) समजावे. बीटा एचसीजी (गर्भारपणात वाढणारे संप्रेरक) मात्र काही सेमिनोमांतही थोडे वाढलेले असते. शस्त्रक्रियेनंतर एचसीजी दर एक-दीड दिवसाने आणि एएफपी दर पाच ते सात दिवसांनी निम्मे व्हायला हवे; ते तसे उतरत नसेल तर आजार कुठेतरी शिल्लक आहे.

ग्रॉसिंगच्या, म्हणजे काढलेला नमुना डोळ्यांनी तपासून कापण्याच्या, टेबलावर सर्वांत जास्त काळजी घ्यावी, कारण तिथे बिघडलेले पुढे सुधारता येत नाही. ट्यूमरला सुरी लावण्यापूर्वी स्पर्मॅटिक कॉर्डच्या (वृषणाला जोडलेल्या रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनीच्या दोराच्या) कडेचे ब्लॉक घेऊन ठेवावेत. सेमिनोमा करडा-पांढरा, मऊ आणि ठिसूळ असतो. सुरीबरोबर त्याच्या पेशी कॉर्डवर आणि रक्तवाहिन्यांच्या पोकळीत वाहून जातात, आणि मायक्रोस्कोपखाली ते खरे आक्रमण असल्यासारखे दिसते. पेशी पोकळीत सुट्या तरंगत असतील, भित्तीला चिकटलेल्या नसतील आणि तशाच पेशी ऊतीच्या पृष्ठभागावरही विखुरलेल्या असतील, तर घाई करू नये, कारण रक्तवाहिनीतील आक्रमणाच्या त्या एका ओळीवर रुग्णाची स्टेज बदलते. नमुना लांबीत दुभागून फॉर्मलिनमध्ये नीट मुरू द्यावा आणि मग दर सेंटिमीटरला किमान एक ब्लॉक घ्यावा. रक्तस्राव झालेला भाग मुद्दाम निवडावा. कोरिओकार्सिनोमा तिथेच दडलेला असतो.

प्रसाराच्या बाबतीत वृषण मूळ कुठे तयार झाले, हे विसरू नये. ते पोटात मूत्रपिंडालगत तयार होते, म्हणून त्याची लसिका जांघेत न जाता महाधमनीच्या आसपासच्या गाठींकडे जाते : उजव्या बाजूची महाधमनी आणि अधोमहाशिरेच्या मधल्या गाठींकडे, तर डाव्या बाजूची डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेखालच्या गाठींकडे. अंडकोषाच्या त्वचेची लसिका मात्र जांघेत उतरते. म्हणूनच संशय असताना अंडकोषातून सुई किंवा सुरी घालत नाहीत आणि वृषण जांघेतल्या छेदातून काढतात. लसिकेवाटे होणाऱ्या प्रसाराला कोरिओकार्सिनोमा अपवाद आहे. तो रक्तावाटे लवकर फुफ्फुसांत आणि मेंदूत पोहोचतो.

तरुण पुरुषाच्या मानेतील किंवा पोटातील गाठीची बायॉप्सी 'अविभेदित कार्सिनोमा' म्हणून सही करण्यापूर्वी क्लिनिशियनला फोन करून वृषणांची सोनोग्राफी आणि मार्कर मागावेत, आणि ओसीटी-४ व एसएएलएल-४ (बीजपेशींची ओळख पटवणारी रंजने) लावून पाहावेत. कधी वृषणात मूळ ट्यूमर विरून गेलेला असतो आणि केवळ वण उरतो. तरीही पोटातील गाठी त्याच्याच असतात. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात सिस्प्लॅटिनवर आधारलेली उपचारपद्धती वापरायला सुरुवात केल्यापासून पसरलेला आजारही बरा होऊ लागला, त्यामुळे चुकीच्या नावाखाली चुकीची केमोथेरपी सुरू होणे या रुग्णाला परवडणारे नाही. टेराटोमा मात्र केमोथेरपीला दाद देत नाही, म्हणून नॉन-सेमिनोमाच्या उपचारानंतर पोटात उरलेली एक सेंटिमीटरहून मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढून तुमच्याकडे येते. तिच्यात केवळ मृत ऊती आहेत, टेराटोमा आहे की जिवंत कर्करोग उरला आहे, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावे, कारण पुढचा उपचार त्यावरूनच ठरतो.