पायलोरिक स्टेनोसिस: दुर्बीण की चिरा, हे विचारण्याआधीची तयारी

माझा मुलगा पाच आठवड्यांचा असताना दूध प्यायला की दूरवर फवारा उडवायचा आणि लगेच भुकेनं पुन्हा रडायचा. सोनोग्राफीत जठरातून आतड्यात उघडणाऱ्या दाराचा स्नायू 3 मिलिमीटरपेक्षा जाड दिसला, म्हणजेच पायलोरिक स्टेनोसिस, आणि ऑपरेशन ठरलं. घरात पहिला प्रश्न निघाला तो हाच, दुर्बिणीनं करायचं की पोट उघडून? त्यावर आम्ही अख्खी रात्र घालवली. आज कुणाच्या बाळासाठी यादी करायला बसले, तर हा प्रश्न मी बराच खाली लिहीन.

सगळ्यात वर लिहीन रक्ताचा रिपोर्ट. सततच्या उलट्यांतून जठरातलं आम्ल निघून जातं, त्यासोबत क्लोराइड जातं, मग पोटॅशियम उतरतं आणि रक्तातला अल्क वाढतो. अशा वेळी बाळाचा श्वास मंदावतो, आणि भूल उतरताना तो मध्येच थांबण्याची भीती असते. म्हणून आधी सलाईन. क्लोराइड साधारण 100 च्या वर आणि बायकार्बोनेट (हाच तो अल्क) 30 च्या खाली आलं, की भूलतज्ज्ञ होकार देतात. त्याला एक दिवस लागतो, कधी दोन. घाई सलाईन लावण्याची करायची असते, ऑपरेशनची नव्हे, त्यामुळे 'आजच उरकून टाका' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक रिपोर्टचे आकडे, शू किती वेळा झाली आणि रोजचं वजन तिच्यात लिहा. उलटीचा रंगही लिहा. ती हिरवी झाली तर वाट बघायची नाही, तसंच उठून डॉक्टरांना सांगायचं, कारण हिरवी उलटी या आजाराची नसते, आतड्याला पीळ पडल्याचीही असू शकते.

निदान झालं की तोंडानं काहीच नाही. ग्लुकोजचं पाणी, मध, गुटी, चमचाभर दूध, काही नाही. आजीचा जीव तुटतो, पण भरलेल्या पोटावर भूल दिली तर उलटी फुप्फुसात जाऊ शकते, म्हणूनच नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात. आईनं मात्र दर तीन तासांनी दूध काढत राहावं, नाहीतर ते आटायला लागतं. स्वच्छ डब्यात फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं. आणि 'तुझंच दूध बाधलं' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. हा आजार मुलींपेक्षा मुलग्यांत चौपट आणि पहिल्या बाळात जास्त दिसतो. आईच्या खाण्यापिण्यानं तो होत नाही.

डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी: जन्माचं वजन, बाळ दिवसांआधी झालं असेल तर किती आठवड्यांचं, जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का, पहिल्या दोन आठवड्यांत एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन दिलं होतं का (त्यानं या आजाराची शक्यता वाढते), आणि आईवडिलांपैकी कुणाचं लहानपणी हेच ऑपरेशन झालं होतं का.

आता दुर्बिणीचं. आत जे करतात ते दोन्हीत एकच आहे. 1911 मध्ये जर्मनीत म्युन्स्टरला कोनराड रामस्टेट यांनी जाड स्नायू चिरला आणि आतलं अस्तर न फाडता तो टाके न घालता तसाच उघडा ठेवला. आजही तेच करतात, बदलली ती फक्त आत शिरायची वाट. दुर्बिणीला बेंबीतून एक आणि पोटावर दोन बारीक छिद्रं लागतात. उघड्या पद्धतीत पोटावर उजवीकडे छोटा चिरा घेतात, किंवा बेंबीच्या कडेनं अर्धगोल, ज्याचा व्रण पुढे फारसा दिसत नाही. 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 180 बाळांच्या चाचणीत दुर्बिणीनंतर पूर्ण दूध सुरू व्हायला 18.5 तास लागले, चिऱ्यानंतर 23.9. घरी जायला 33.6 विरुद्ध 43.8 तास. दुसऱ्या बाजूला, एकत्रित अभ्यासांत स्नायू अपुरा चिरला जाण्याचं प्रमाण दुर्बिणीत थोडं जास्त दिसलं, आणि तसं झालं तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. दहा तास लवकर घरी जायला मिळावं म्हणून मी नवख्या हातात बाळ दिलं नसतं. सर्जनना सरळ विचारा: तुम्ही हे कोणत्या पद्धतीनं जास्त केलंय? तान्ह्या बाळांना नेहमी भूल देणारे डॉक्टर असतील ना? रात्री श्वासावर लक्ष ठेवायला मॉनिटर मिळेल ना? या तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर चिरा असला तरी मी निर्धास्त सही करीन.

दोन्ही वाटा बेंबीजवळून जाऊ शकतात, म्हणून बेंबीला तेल, हळद, पावडर काही लावू नका आणि ती ओली दिसली तर आधीच दाखवा. त्या दिवशी मालीशही नको, तेलकट अंगावर चिकटपट्ट्या टिकत नाहीत. करगोटा, वाळे, मनगट्या घरीच काढून ठेवा. पिशवीत पुढून उघडणारी झबली, दुपटी, टोपडं आणि ढिले लंगोट घ्या, कारण पोटावर काही आवळायला नको. आधार, रेशनकार्ड, जन्माचा दाखला सोबत असू द्या. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. मेडिक्लेम असेल तर बाळाचं नाव पॉलिसीत चढलंय का ते पाहा.

ऑपरेशननंतर काही तासांत दूध सुरू होतं आणि बाळ पुन्हा थोडं उलटून टाकतं. त्या पहिल्या उलटीला माझे हातपाय गार पडले होते. जठर सुजलेलं असतं, एकदोन दिवस असं चालतं. थोडं थांबून पुन्हा पाजायचं. मात्र पोट फुगलं, ताप आला, बाळ मलूल झालं किंवा आठवडा उलटूनही फवारे थांबले नाहीत, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन परत जायचं. त्या कार्डावर रात्री लागेल असा फोन नंबर निघण्याआधीच लिहून घ्या.