टेन्साइल टेस्टमधला स्ट्रेन रेट: या चुका टाळा

टेन्साइल टेस्ट म्हणजे नमुना ओढून ताकद मोजणं. एकाच पट्टीतून कापलेले दोन नमुने, मशीनही तेच, तरी यील्डमध्ये (ज्या ताणाला नमुना कायमचा ताणला जाऊ लागतो तो) दहा मेगापास्कलचा फरक. संशय लगेच मालावर जातो. त्याआधी स्ट्रेन रेट (लांबीच्या मानाने नमुना दर सेकंदाला किती ताणला जातो) तपासा, आणि तोही स्क्रीनवर टाकलेला नव्हे, नमुन्याला प्रत्यक्ष मिळालेला.

मिमी प्रति मिनिट हाच रेट समजणं

क्रॉसहेडच्या (नमुना ओढणाऱ्या, मशीनच्या सरकत्या भागाच्या) वेगाला नमुन्याच्या समांतर लांबीने (मधल्या एकसारख्या भागाच्या लांबीने) भागलं की अंदाजे स्ट्रेन रेट मिळतो. इथे गेज लांबी (वाढ मोजण्यासाठी धरलेली लांबी) घेऊ नका, ही चूक फार होते. आयएसओ ६८९२-१ या टेन्साइल टेस्टच्या मानकातल्या पद्धत अ मध्ये (यात स्ट्रेन रेटवर नियंत्रण ठेवतात) यील्डसाठी शिफारस आहे ०.०००२५ प्रति सेकंद, अधिक-उणे २० टक्के. समांतर लांबी ७५ मिमी असेल तर ०.०००२५ × ७५ × ६० म्हणजे १.१२५ मिमी प्रति मिनिट. सेटिंग न बदलता ३० मिमीचा नमुना लावलात, तर रेट अडीचपट झाला.

मशीनही ताणलं जातं, हे विसरणं

खरी गोम इथे आहे. सुरुवातीला क्रॉसहेडची बरीचशी हालचाल ग्रिप, पिना, फ्रेम आणि लोड सेल (बल मोजणारा भाग) खाऊन टाकतात, त्यामुळे नमुन्याला हिशेबापेक्षा बराच कमी रेट मिळतो. यील्ड होताच नमुना नरम पडतो आणि तोच रेट झपकन वर जातो. एक्स्टेन्सोमीटरचा (नमुन्याची वाढ थेट मोजणाऱ्या साधनाचा) स्ट्रेन वेळेसमोर मांडून पाहा: रेषेचा उतार म्हणजे खरा रेट. प्रूफ स्ट्रेंथ (ठरावीक कायमचा स्ट्रेन, उदा. ०.२ टक्के, येतो तो ताण) जिथे वाचता, तिथला उतार पाहा, सरासरी नको.

यावर उपाय म्हणून एक्स्टेन्सोमीटरवरून क्लोज्ड लूप लावतात, म्हणजे त्याच्या मापावरून कंट्रोलर क्रॉसहेडचा वेग आपोआप बदलतो. ठळक यील्ड पॉइंट असलेल्या माइल्ड स्टीलला मात्र तो अंगावर येतो. ल्यूडर्स पट्टा (यील्ड होणारा, नमुन्यावरून सरकणारा पट्टा) गेज लांबीच्या बाहेर सरकत असेल तर एक्स्टेन्सोमीटरला स्ट्रेन दिसतच नाही. कंट्रोलरला वाटतं रेट कमी पडला, म्हणून तो क्रॉसहेड पळवतो. आलेखात यील्डच्या पठारावर विनाकारण उंचवटे दिसले तर हेच समजा. अशा मालाला वरच्या यील्डनंतर (यील्डच्या सुरुवातीच्या टोकानंतर) क्रॉसहेडचा वेग स्थिर ठेवणंच बरं.

रेट चुकीच्या जागी बदलणं

यील्ड वाचून झाल्यावर अंतिम ताकदीसाठी ०.००६७ प्रति सेकंद चालतो. पण ०.२ टक्के प्रूफच्या अलीकडेच वेग वाढवला, तर आलेखात पायरी येते आणि ऑफसेट रेषा (०.२ टक्के सरकवलेली, इलास्टिक भागाला समांतर रेषा) नेमकी तिथेच छेदते. बदल प्रूफ वाचल्यानंतर आणि हळूहळू करा.

हाताने व्हॉल्व्ह फिरवायच्या हायड्रॉलिक मशीनवर उलटी सवय असते: यील्डला काटा अडखळला की व्हॉल्व्ह उघडायचा. तसं करू नका. इलास्टिक भागात (यील्डच्या आधी) पोलादासाठी ताण वाढण्याचा वेग ६ ते ६० मेगापास्कल प्रति सेकंद यांत बसवा आणि यील्ड संपेपर्यंत हात लावू नका.

डेटा विरळ घेणं

०.०००२५ चा रेट इलास्टिक भागात पूर्णपणे मिळाला, तर पोलादात ताण सेकंदाला सुमारे ५० मेगापास्कल चढतो. सेकंदाला १० नोंदी घेतल्या तर दोन बिंदूंत ५ मेगापास्कलचं अंतर. वरच्या यील्डचं टोक त्या फटीत सहज हरवतं.

सगळ्या मालांना एकच माप लावणं

पोलादात खोलीच्या तापमानाला रेट-संवेदनशीलतेचा घातांक ०.०१ च्या आसपास धरला, तर दसपट रेटने ताकद सुमारे २.३ टक्के वाढते. सोल्डर आणि प्लास्टिक याहून कितीतरी हळवे. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूंत तर रेट वाढल्यावर ताकद किंचित उतरूही शकते, आणि आलेखाला करवतीसारखे दाते येतात. ते फिल्टर लावून घासून काढू नका. तो मशीनच्या सिग्नलमधला गोंधळ नसून मालाचा स्वभाव आहे.

रिपोर्टमध्ये पद्धतही लिहा. ‘अ२२४’ म्हणजे पद्धत अ, यील्डपर्यंत दुसरी श्रेणी आणि शेवटी चौथी. ‘ब३०’ म्हणजे पद्धत ब (ताण वाढण्याच्या वेगावर नियंत्रण), ३० मेगापास्कल प्रति सेकंद. हे नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.